इंधनाची वाट

शर्यतीच्या मोटारीस पेट्रोल कोणत्या वाटेनें पाजावें, हा प्रश्न वरकरणीं क्षुल्लक. पण जय-पराजय कित्येकदां त्यावरच ठरले. कार्बोरेटरांत आंत शिरणारी हवाच पेट्रोल ओढून घेते. यंत्र साधें, दुरुस्ती सोपी. मात्र तीव्र वळणावर त्याच्या कुंडींतलें पेट्रोल एका अंगास झुकतें आणि मिश्रण बिघडतें.

४ जुलै १९५४ रोजीं फ्रान्समधील रीम्स येथें मर्सिडीजनें दुसरी वाट दाखविली. बॉशचा पंप प्रत्येक सिलिंडरांत पेट्रोल मोजून थेट फवारी. ही विद्या लढाऊ विमानांच्या इंजिनांतून आलेली. फांजिओ पहिला आला, क्लिंग दुसरा.

तथापि कार्बोरेटर इतक्यांत हटला नाहीं. असा पंप महाग आणि नाजूक. तो सर्वांस झेपणारा नव्हता. त्याच फांजिओनें १९५७ सालीं कार्बोरेटरच्या मासेरातीवर जगज्जेतेपद मिळविलें. अखेर १९६२ सालीं बी.आर.एम.नें मध्यम मार्ग धरला: पेट्रोल सिलिंडरांत नव्हे, हवेच्या नळींत फवारावें. जगज्जेतेपद त्यांस मिळालें.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक निर्बंध आले आणि निडी, पेण, रोहें येथल्या नव्या दुचाकींतही बहुधा हाच मार्ग दिसूं लागला. वेगासाठीं केलेली निवड स्वच्छ हवेच्या कामीं आली.