चिठ्ठीवरचं भजनी मंडळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज होतं, त्यामुळे मागचे तीन वीकेंड ऑफिसातच गेले. आज थोडा इतिहास, पण सुरुवात आमच्या आज्जीपासून.

आजोबा गेले आणि त्यानंतर आज्जीचं दवाखान्यात जाणं एकदम वाढलं. आज गुडघा, उद्या चक्कर, परवा छातीत धडधड. सगळे रिपोर्ट नॉर्मल! शेवटी पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर बीपीच्या गोळीखाली लिहिलं, 'रोज संध्याकाळी भजनी मंडळ'. आम्ही घरी सगळे हसलो. मी तर म्हणालो, डॉक्टरांकडची औषधं संपली वाटतं. आज्जीनं चिठ्ठी विठ्ठलाच्या तसबिरीमागं खोचली. "मी कुठं जातो तिथं? ओळख ना पाळख." (आमच्याकडच्या बायका 'जातो'च म्हणतात, कोल्हापूरबाहेरच्यांनी दचकू नये.) विषय बंद.

मग काही महिन्यांनी आमच्या टीमकडं इंग्लंडच्या एका हेल्थकेअर सिस्टिमचं काम आलं. त्यातल्या एका टेबलमध्ये कॉलम होता 'लिंक वर्कर'. हा काय प्रकार म्हणून शोधलं तर कळलं, तिकडं याला 'सोशल प्रिस्क्रायबिंग' म्हणतात. एकटेपणा, कर्ज, घरातली भांडणं असलं काही दुखण्यामागं असेल तर डॉक्टर पेशंटला लिंक वर्करकडं पाठवतात. तो निवांत ऐकून घेतो आणि बागकामाचा गट, गाण्याचा वर्ग, कर्जाचा सल्ला देणारी संस्था अशा ठिकाणी जोडून देतो. पूर्व लंडनमधलं ब्रॉमली बाय बो सेंटर १९८४ पासूनचं, त्याचं नाव यात नेहमी घेतलं जातं. जानेवारी २०१९ मध्ये एनएचएसनं हे आपल्या दीर्घकालीन योजनेत घेतलं. हजाराहून जास्त लिंक वर्कर नेमायचे आणि २०२३-२४ पर्यंत नऊ लाखांवर लोकांना या वाटेनं पाठवायचं, असं त्यात ठरलं.

म्हणजे पेठेतले डॉक्टर वेडे नव्हते तर! खजील झालो. मग वाटलं, आपल्याकडं हे कुणी आधी केलं नसेल का? आणि शोधता शोधता जाऊन पोचलो जामखेडला.

जामखेड म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातला (आताचा अहिल्यानगर) दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं. आधी ते नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं की बरे होऊन गेलेले पेशंट थोड्या दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतात. पोर जुलाबातून वाचवून घरी पाठवलं, पण घरी पाणी तेच आणि ताटही तसंच रिकामं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स न करता रोज सर्व्हर रीस्टार्ट करणं! मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं.

इंग्लंडात लिंक वर्कर पेशंटला ज्या गटाकडं पाठवतो, तो गट आधीपासून असतो. जामखेडच्या खेड्यांत जोडून द्यायला होतं काय? गाव जातीजातींत वाटलेलं, बाई उंबऱ्याच्या आत. म्हणून त्यांनी आधी गटच उभे केले. गावोगावच्या तरुणांना एकत्र आणलं ते व्हॉलीबॉलच्या निमित्तानं! त्यातून शेतकरी मंडळं झाली, पुढं महिला मंडळं झाली. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा पाण्याची जागा दलित वस्तीत बघितली, म्हणजे सगळ्या गावाला तिथंच यावं लागेल. औषधाची गोळी यातली एकही नाही, पण हे सगळं आरोग्याचंच काम.

दुवा म्हणून त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवल्या, पण गावानं त्यांना आपलं मानलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन घरोघरी बोलायच्या. बाळंतपण कसं करायचं हे त्यांना माहीत, आणि कुठल्या घरात सून उपाशी झोपते हेही माहीत. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये यांतल्याच एक मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. डॉक्टर म्हणजे या सभागृहातली झुंबरं, आम्ही म्हणजे पणत्या, पण पणतीवरून दुसरी पणती लावता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. नुसतं सांगितलं नाही, खरंच पणती पेटवून दाखवली!

२००५ नंतर देशभर आलेल्या 'आशा' कार्यकर्त्या याच वाटेवरच्या. फक्त आशाताईंच्या वाट्याला लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं आणि रजिस्टरं इतकी आली की कुणाजवळ निवांत बसून ऐकायला वेळ कुठून काढायच्या?

आता कोल्हापूर. आमच्याकडं जामखेडच्या उलट परिस्थिती. तालमी आहेत, मंडळं आहेत, भजनं आहेत, गल्लीगल्लीत माणसं आहेत. अडतं ते दवाखान्यातून तिथपर्यंत नेणाऱ्या माणसापाशी. नसीमा हुरजूक यांचंच बघा. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. डॉक्टरी उपाय संपले आणि पुढं काय हे कुणी सांगेना. त्यांना उभारी मिळाली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून, जे स्वतः पॅराप्लेजिक होते. पुढं १९८४ मध्ये नसीमादीदींनी कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. उचगावच्या वसतिगृहातून कितीतरी अपंग मुलं शिकून पायावर उभी राहिली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. पण मनात येतं, बाबूकाका भेटलेच नसते तर? अशी भेट नशिबावर सोडून चालेल का?

गोळीनं बरं होणारं दुखणं गोळीनंच बरं करायचं, याबद्दल वाद नाही. मेडिकलमध्ये न मिळणाऱ्या औषधाचं मात्र नुसतं नाव लिहून भागत नाही, हाताला धरून नेणारं कुणीतरी लागतं. इंग्लंडनं त्यासाठी पगारी माणूस नेमला, जामखेडनं गावातलीच बाई तयार केली. आम्ही घरातले चारजण होतो आणि चौघंही हसत बसलो.

आज्जीचं पुढं काय झालं? समोरच्या काकू एका एकादशीला आल्या. "चला आज्जी, मला एकटीला जायला कसंतरी वाटतंय," म्हणाल्या आणि हाताला धरून घेऊन गेल्या. साफ खोटं, त्या तिथं दहा वर्षं जातायत! आज्जीचा गुडघा अजून दुखतो, बीपीची गोळीही चालू आहे. पण परवा संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "आत्ता नको बाळ, भजनाला निघालोय, उद्या कर."

असो. तुमच्या घरात तसबिरीमागं अशी एखादी चिठ्ठी आहे का, बघा जरा.