गोधडीतला फिका तुकडा



पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ. नाव काहीही असो, काम तेच. जुनी पातळं एकावर एक अंथरायची, वर तुकड्यांची चौकट मांडायची आणि काठापासून आत धावदोरा घालत जायचं. या दिवाळीनंतर मी एक वाकळ शिवली. ती शिवताना एका फ्रेंच माणसाची गोष्ट वाचनात आली आणि तिथून पुढे आपल्याच घरातली, आपल्याच शास्त्रातली काही दारं उघडली. म्हणून हा लेख.

आधी घरातलं सांगते. सासूबाईंची ट्रंक उघडली तेव्हा तिच्यात दोन थर होते. खाली त्यांच्या उमेदीतली पातळं : एक चंद्रकळा, दोन इरकली, एक राणी रंगाचं, एक केशरी. वर शेवटच्या सात वर्षांतली. व्रतं घेतल्यावर त्यांनी भडक नेसणं सोडलं होतं. रेशीम तर त्याआधी कितीतरी वर्षं सोडलेलं, कारण त्या धाग्यासाठी कोशातले किडे उकळतात हे त्यांना कळलं होतं. तेव्हा वरच्या थरात सगळी सुती, बारीक काठाची, धुऊन धुऊन ना पांढरी ना राखाडी अशी झालेली पातळं.

वाकळ वन्संच्या नातीसाठी करायची ठरली होती. वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. त्या ट्रंकेशी बसल्या, खालची पातळं मांडीवर घेतली आणि वरच्या ढिगाकडे बोट करून म्हणाल्या, "ही नकोत हं. ही बघितली की मला आईचं अंथरूणच दिसतं. पुसायला घे."

मी काही बोलले नाही, पण मनाला लागलं. ती सात वर्षं मी त्यांच्याजवळ होते. पहाटे त्यांना पातळ नेसवताना णमोकार म्हणायच्या, तो याच पातळांत. वन्संची आई खालच्या थरात होती, माझ्या सासूबाई वरच्या थरात. मी न विचारता दोन्हीतले तुकडे कापले आणि मांडणी केली.

आणि फजिती झाली. फिक्या तुकड्यांना उठाव यावा म्हणून मी त्यांच्या चारी बाजूंनी राणी रंग लावला होता. उठाव राहिला बाजूला, ते तुकडे हिरवट दिसायला लागले, पावसाळ्यात बुरशी धरल्यासारखे. वाटलं, वन्संचंच बरोबर होतं.

आता त्या फ्रेंच माणसाकडे येते. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा सरकारी कारखाना आहे. लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भिंतीवर लावायची भलीमोठी चित्रं तिथे विणतात. 1824 साली तिथल्या रंगखात्यावर मिशेल-यूजीन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. तेल-तुपातल्या स्निग्ध पदार्थांवर आणि साबणावर त्याचं मोठं काम होतं. रंगखात्यात आल्यावर त्याच्यापुढे तक्रारी आल्या. त्यातली एक काळ्या रंगाची होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांत सावली दाखवायला जी काळी लोकर वापरत, ती विणल्यावर फिकी, विटकी दिसते, रंगारी नीट काम करत नाहीत, असं विणकरांचं म्हणणं होतं.

शेव्रलने आधी माल तपासला. बाहेरच्या नामांकित रंगशाळांतली काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशेजारी ठेवली. आपली कुठेही कमी नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की दोष रंगाच्या पिंपात नाही, शेजारात आहे. तोच काळा धागा पांढऱ्याजवळ दाट काळा दिसत होता आणि निळ्याजवळ विटका.

याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. गडदाजवळचं फिकं आणखी उजळ दिसतं, फिक्याजवळचं गडद आणखी गडद. शिवाय प्रत्येक रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो. लालाचा विरुद्ध हिरवा, निळ्याचा नारिंगी, पिवळ्याचा जांभळा. म्हणून निळ्याजवळच्या काळ्यावर नारिंगीची किंचित झाक चढते आणि तो मळका वाटतो. यावर शेव्रलने 1839 साली मोठा ग्रंथ छापला. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, चित्रकारांनी तो अभ्यासला. हा माणूस 1786 ला जन्मला आणि 1889 मध्ये वारला, म्हणजे 102 वर्षं जगला. आयफेल टॉवरवर ज्या 72 शास्त्रज्ञ-इंजिनियरांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचंही आहे.

त्याच ग्रंथातली एक हकिकत मला, कॉमर्सच्या विद्यार्थिनीला, फार आवडली. काही कापड-व्यापाऱ्यांनी लाल, जांभळं आणि निळं साधं कापड छपाईवाल्यांकडे दिलं आणि वर काळी नक्षी छापायला सांगितली. माल हातात आल्यावर व्यापारी भांडायला उठले. लालावरची नक्षी हिरवी दिसते, जांभळ्यावरची हिरवट पिवळी, निळ्यावरची तांब्यासारखी. तुम्ही काळा रंग वापरलाच नाही! शेव्रलने पांढऱ्या कागदात नक्षीच्या आकाराची भोकं कापली आणि तो कागद कापडावर ठेवला. भोवतीचा रंग झाकला गेला आणि तिन्ही ठिकाणी नक्षी काळीच निघाली. छपाईवाला खरा होता, आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांना दिसलं तेही खोटं नव्हतं.

मी लगेच पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद घेतला, मधोमध चौकोनी भोक कापलं आणि माझ्या बुरशी लागलेल्या तुकड्यावर ठेवला. हिरवटपणा गेला. खाली होतं ते साधं, स्वच्छ, विटलेलं सुती कापड. तुम्हीही करून बघा. राणी रंगाच्या कापडाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर हिरवट ठिपका तरंगताना दिसेल.

आपल्या बायकांना यातलं अर्धं आधीच ठाऊक होतं. इरकलीच्या गडद अंगाला लाल पदर आणि उजळ काठ का शोभतो हे कुणी ग्रंथ वाचून ठरवलेलं नाही. आणि म्हण तर आहेच : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग. शेव्रलचं म्हणणं एवढंच की डोळ्यापुरता वाणही लागतो.

आता ज्या कापडाने वाकळ वाचवली त्या चंद्रकळेकडे येते. तिचा रंग काळसर निळा, निळीचा. आपल्याकडे नीळ रंगवणाऱ्यांची वेगळी जात होती, निराळी. निळीचं काम इतर रंगांहून वेगळं असतं. पिंपात आंबवून नीळ विरघळवायची, कापड बुडवून बाहेर काढायचं. काढताना ते हिरवट-पिवळं असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. जितक्या वेळा बुडवाल तितकं गडद.

लाल रंगाचं तसं नव्हतं. मंजिष्ठ किंवा आल या झाडांच्या मुळांपासून लाल मिळे, पण सुती कापड तो सहजासहजी धरत नाही. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटी, मग रंग. हिरड्याचा तुरटपणा नसेल तर पहिल्या धुण्यातच रंग वाहून जायचा. लाखेच्या किड्यापासूनही लाल निघे, पण श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आहे.

मग कारखान्यातले रंग आले. 1856 साली लंडनमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला हिवतापावरचं औषध शोधताना डांबरापासून जांभळा रंग सापडला. 1868 मध्ये जर्मनीत मंजिष्ठेतलं लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. थोड्याच वर्षांत आपला निळीचा व्यापार बसला. मात्र झाडाची असो वा कारखान्याची, निळीतलं मूळ रंगद्रव्य एकच असतं. सासूबाईंची चंद्रकळा कोणत्या निळीची, हे म्हणून पाहून सांगता येत नाही.

हिरड्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. संस्कृतात तुरट रसाला कषाय म्हणतात. आपण रोज क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय म्हणतो ना, तोच शब्द. तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी टीकेत आचार्य पूज्यपादांनी तो असाच उलगडला आहे : वडासारख्या झाडांचा तुरट रस जसा चिकटवायला कारण होतो, तसे क्रोधादी विकार आत्म्याला कर्म चिकटायला कारण होतात. मी पाठशाळेत कषाय शब्द पाठ केला होता, पण हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड डोळ्यांपुढे येईपर्यंत तो मला कळला नव्हता. तुरटपणा नसेल तर रंग येतो आणि वाहून जातो. चिकटतो तो कषायामुळे.

आणि माझ्या मनात तेव्हा काय होतं? वन्संच्या एका वाक्याचा राग. ते वाक्य त्या बोलून विसरल्या असतील, मी मात्र ते चार महिने हिरड्याच्या पाण्यात घालून ठेवलं होतं.

मी राणी रंगाची सगळी शिवण उसवली आणि फिक्या तुकड्यांभोवती चंद्रकळा लावली. गडद निळ्याच्या शेजारी तेच कापड उजळलं, आणि निळ्याच्या विरुद्ध रंगाची ऊब त्यावर चढून ताज्या सायीसारखं दिसू लागलं. राणी आणि केशरी फेकले नाहीत. ते कडेला नेले आणि मध्ये इरकलीची गडद पट्टी घातली, म्हणजे त्यांची झाक आतपर्यंत पोचत नाही. फिक्या तुकड्यांना मी ना रंग दिला, ना नीळ, ना खळ. फक्त शेजार बदलला.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मांडणी दिवसाउजेडी करा, दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात रंग फसवतात. शिवण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून दहा पावलं लांबून बघा. एखादा तुकडा मळका वाटला तर त्याला दोष देण्याआधी भोकाचा कागद ठेवा. तुकडा साफ निघाला तर शेजारी बदला. आणि दोन रंग एकमेकांशी भांडतच असतील तर मध्ये पांढरी, काळी किंवा करडी पट्टी घाला. हा शेव्रलचाच सल्ला आहे.

वाकळ पुरी झाल्यावर वन्संना बोलावलं. त्यांनी ती पसरून हात फिरवला आणि मधल्या एका तुकड्यावर थांबल्या. "हे सायीच्या रंगाचं कुठलं गं? आईकडे असं नव्हतं." मी म्हटलं, "वन्सं, हे वरच्या ढिगातलंच." त्यांनी वाकून काठ पाहिला. तिथे सासूबाईंच्या हातचं रफू होतं, ते त्यांनी ओळखलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "मी शेवटी फार कमी वेळा आले गं." मला वाटत होतं, त्यांना ती पातळं आवडत नाहीत. त्यांना ती बघवत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मीही भोकाचा कागद न ठेवताच त्यांच्याकडे पाहत आले होते.

समयसारात आचार्य कुंदकुंदांनी स्फटिकाचा दाखला दिला आहे. स्फटिक स्वतःहून लाल होत नाही, लाल वस्तू जवळ आली की लाल भासतो. पाठशाळेत ही गाथा आत्म्याविषयी शिकवतात आणि ती तशीच आहे. पण शेजारी दुःख ठेवलेलं माणूस आपल्याला कोणत्या रंगाचं दिसतं, हे मला त्या दुपारी वाकळीवर बसून समजलं.

त्या दिवशी क्षमावाणी नव्हती, तिला अजून बरेच महिने होते. तरी आम्ही दोघींनी एकमेकींना हात जोडले. वाकळ आता त्यांच्या नातीच्या अंगावर असते. तिला त्यातला राणी रंगच आवडतो म्हणे.