"सगळ्यांनाच दुखतं"

मराठीत पाळीला शब्द भरपूर आहेत. अडचण, कावळा शिवला, बाहेरची झाली... बहुतेक सगळे लपवायचे. दुखण्याला मात्र एकच वाक्य, "पोटात दुखतंय". त्याचं उत्तरही ठरलेलं, "सगळ्यांनाच दुखतं". आता सगळ्यांनाच का दुखतं, हे कळायला जगाला किती वेळ लागला ते परवा वाचत बसले होते, आणि चाटच पडले.

१९३५ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यात सापडलेल्या एका द्रव्याला 'प्रोस्टाग्लँडिन' नाव दिलं. का, तर ते पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं अशी समजूत! १९५७ मध्ये पिकल्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की पाळीच्या रक्तात स्नायू आखडवणारं काहीतरी असतं. १९६५ पर्यंत कळलं की ते म्हणजे हेच प्रोस्टाग्लँडिन, आणि जिला जास्त दुखतं तिच्यात ते जास्त असतं. म्हणजे आपल्या पोटदुखीला नाव पुरुषांच्या ग्रंथीचं. असो.

पुढे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी सांगितलं की ॲस्पिरिनसारखी औषधं हे द्रव्य तयारच होऊ देत नाहीत. (१९८२ चं नोबेल मिळालेल्या तिघांत ते एक.) माणूस चंद्रावर १९६९ ला जाऊन आला, गोळीचं कोडं त्यानंतर सुटलं.

आता यातली कामाची गोष्ट. द्रव्य तयार होण्याआधी अडवायचं, तर गोळी पाळीच्या सुरुवातीलाच घ्यायला हवी, तीही खाऊन. आपण मात्र अगदी असह्य झाल्यावर घेतो. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या तर आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. त्यांच्या एका दुर्मिळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल २०२३ च्या अखेरीस सरकारी इशारा निघाला होता, त्यामुळे एकदा डॉक्टरला विचारलेलं बरं. आणि दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल तर ते "सगळ्यांनाच" नसतं, तपासून घ्या. आजीची शेकायची पिशवी मात्र पास झाली. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात पोटावरची ऊब आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली.

पण आमच्या खडवलीत तयारी म्हणजे दुखण्याची तयारी नसतेच, ती असते डाग दिसू नये याची. कल्याणहून वाशिंदपर्यंत रेल्वे १८५५ मध्ये आली, खडवली त्याच मार्गावर. पण लोकलमध्ये संडास आजही नाही. सीएसएमटीपर्यंत दोन तासांच्या आसपास, त्यातही उभं राहून. मग गडद रंगाची सलवार, निघताना पॅड बदलणं, घोटभरच पाणी पिणं. लेडीज डब्यात ही गणितं रोज मांडली जातात, मोठ्याने कोणी बोलत नाही.

२०१८ साल मला फार आशेचं वाटलं होतं. ८ मार्चला राज्यात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. वाटलं, चला, आता बोलायला तरी लागलो.

आणि मग जुलै २०२५. खडवलीपासून दोन स्टेशनांवर आसनगाव, तिथे उतरून शहापूरला जातात. तिथल्या एका शाळेच्या बाथरूममध्ये रक्ताचे डाग सापडले. कोणाला पाळी आली आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाल्याची तक्रार पालकांनी केली. गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. पाचवी ते दहावीच्या मुली त्या. पिकल्सच्या शोधाला तेव्हा ६८ वर्षं झाली होती. त्यातल्या कोणाच्या पोटात दुखतंय का, हा प्रश्न त्या दिवशी तिथे कोणाला पडला असेल असं मला वाटत नाही.