पृष्ठवंशी पुराजीवविज्ञान : पदव्युत्तर अभ्यास

मासे, सरीसृप, पक्षी व सस्तन प्राण्यांच्या अश्मीभूत अवशेषांचा विद्यापीठीय अभ्यास. नागपूर-अमरावतीकडे त्याची वाट भूविज्ञानाच्या एम.एस्सी.तून पीएच.डी.कडे जाते, प्राणिविज्ञानातून नव्हे. यात गैरसोय आहेच, पण तिला कारणही खडकानेच पुरवले आहे. उदाहरणार्थ, वाशिम जिल्ह्यातील किन्हीराजा हे गाव (ता. मालेगाव) दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे. लाव्हा थिजून झालेल्या या खडकात हाडे शोधणे व्यर्थ. ती असतात लाव्ह्याखालच्या लॅमेटा थरांत, नाहीतर दोन लाव्हाप्रवाहांमधल्या विरामात साचलेल्या तळ्यांच्या गाळात. म्हणून इथल्या विद्यार्थ्याला कवटीआधी थर वाचता यावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा याची साक्ष देते. तिथल्या लॅमेटा थरांतील अश्मीभूत विष्ठेत गवताच्या सिलिकाकणांचा पुरावा मिळाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होते, हे कळले. नुसती हाडे वेचणाऱ्याने ही विष्ठा कदाचित उचललीही नसती. त्याच जिल्ह्यातील डोंगरगावच्या सॉरोपॉड डायनासोराचे वर्णन १९९७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी केले. पुढे त्याला ‘आयसीसॉरस’ हे नाव मिळाले ते त्या संस्थेवरून. हाडे विदर्भाची, नाव मात्र कोलकात्याचे!

भूविज्ञानात वाढलेला अभ्यासक शरीररचनेत कच्चा राहतो, हा आक्षेप खोडता येत नाही. गुजरातेतील धोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांना डायनासोरचे घरटे सापडले. १९८७ च्या वर्णनात त्यातील सारी हाडे डायनासोरच्या पिल्लाची मानली गेली. त्यांत सापाचे मणके आहेत, हे २००१ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आले आणि २०१० मध्ये ‘सनाजे’ या सापाची नोंद झाली. मात्र साप घरट्यापाशी काय करत होता, हे कळले ते अंडी, पिल्लू व साप एकाच दगडात जागच्या जागी राहिल्यामुळे. तेव्हा भूविज्ञानाच्या अभ्यासक्रमात तुलनात्मक शरीररचनेची भर घालावी. अभ्यासाचे घर बदलून तो प्राणिविज्ञानात नेल्यास थर हातचा जाईल. पोटापाण्याचा आक्षेप त्याहून जड आहे, कारण निव्वळ जीवाश्मांवरच्या जागा फार थोड्या. पण भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवी असल्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची परीक्षा देता येते, भूजलाच्या कामाचीही वाट खुली राहते. मोहबे यांचे घरट्यांवरील कामही सर्वेक्षणाच्या नोकरीतच झाले.