ठिणगी, कारागीर आणि कलाभवन

सन १८९० मध्ये बडोदे शहरात दोन गोष्टी घडल्या. लक्ष्मीविलास राजवाडा बांधून पुरा झाला, आणि कलाभवन नावाची एक शाळा सुरू झाली. राजवाडा पाहावयास आजही दूरदूरचे प्रवासी येतात. कलाभवनाची आठवण मात्र शहराबाहेर फारशी कोणास राहिलेली नाही. वास्तविक आजच्या वडोदऱ्यातील सामान्य गृहस्थाच्या दारी जी मोटार उभी असते, तिच्याशी राजवाड्यापेक्षा कलाभवनाचे नाते अधिक जवळचे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी त्या मोटारीतील एका बोटभर लांबीच्या वस्तूचा, म्हणजे स्पार्क प्लगचा, इतिहास पाहणे उपयोगाचे होईल.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि १८८१ साली त्याच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. हेच तिसरे सयाजीराव गायकवाड. त्यांनी कलाभवनाचे चालकत्व सुरतेच्या त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविले. रंगविद्या, यंत्रविद्या, चित्रकला, वास्तुकला असे विषय तेथे शिकविले जात. आणि विशेष हे की, ते देशी भाषेतून शिकवावे असा आग्रह होता. त्यासाठी 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेत शास्त्रीय पाठ्यपुस्तके तयार करविण्यात आली. सुताराचा, लोहाराचा, रंगाऱ्याचा मुलगा हाताने जे काम करतो, त्यामागचे कारणही त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, हा त्यामागील विचार. धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले ते याच संस्थेत. पुढे १९१२ साली त्यांनी विलायतेहून चित्रपटाची यंत्रे आणली आणि ती आपल्या घरी स्वतः जोडून चालविली. यंत्र विकत घेणे निराळे आणि यंत्र समजणे निराळे, हा भेद त्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो.

ज्या काळात कलाभवन बाळसे धरीत होते, त्याच काळात युरोपात मोटारगाडीचा जन्म होत होता; आणि तिच्या जनकांपुढे सर्वांत मोठा प्रश्न ठिणगीचाच होता. सिलिंडरमध्ये हवा व इंधन यांचे मिश्रण भरता येई, दाबताही येई. पण ते नेमक्या क्षणी पेटवावे कसे? १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लन्वार याने आपल्या गॅस इंजिनासाठी चिनीमातीचे आवरण असलेली विजेची ठिणगी वापरली. स्पार्क प्लगचा हा मूळपुरुष होय. तथापि गोट्लीब डाइमलर याने आपल्या इंजिनात तापून लाल झालेली नळी वापरणे पसंत केले, तर कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट मिळालेल्या आपल्या तीनचाकी गाडीत विजेचाच मार्ग धरला. पहिला मार्ग आगीला निमंत्रण देणारा होता. दुसरा बेभरवशाचा होता.

हे कोडे स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यात सुटले. तेथील गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. मधोमध एक विजेची कांडी, तिच्याभोवती चिनीमातीचे कवच, बाहेर आटे पाडलेले लोखंडी अंग, आणि टोकाशी केसभर फट. त्या फटीतून हजारो व्होल्ट दाबाची वीज उडी मारते आणि इंजिन जिवंत होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ही रचना मुळात बदललेली नाही.

आपल्याकडे १९५१ साली बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली आणि 'मायको' हे तिचे नाव प्लगच्या डबीवरून घरोघर पोहोचले. त्यानंतरची तीन-चार दशके ही स्पार्क प्लगच्या बाबतीत घरगुती कारागिरीची दशके होती. ॲम्बॅसडर किंवा फियाट बाळगणाऱ्या गृहस्थाच्या डिकीत प्लगचा पाना, पॉलिश कागदाचा तुकडा आणि फट मोजावयाची पाती हमखास सापडत. स्कूटरवाल्याची तर त्यावाचून धडगत नसे. दुटाकी इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळे, त्याची काजळी प्लगवर बसे आणि ऐन वेळी गाडी रुसे. मग स्कूटर एका अंगावर कलती करावयाची, प्लग काढावयाचा, घासावयाचा, फुंकर मारून पुन्हा बसवावयाचा. दांडिया बाजार असो वा पुण्याची सदाशिव पेठ, हे दृश्य सारखेच.

या विद्येत एक धीटपणाही होता. ठिणगी पडते की नाही हे पाहण्यासाठी प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवीत आणि किक मारीत. कधी हाताला झटका बसे. पाहणारे हसत, झटका बसलेलाही हसे. वीस हजार व्होल्टचा तो झटका बहुधा हसण्यावारी निभावत असे, याचे कारण त्यामागील ऊर्जा अगदी थोडी असते. क्षणात ती संपते. परंतु हे कारण किती जणांना ठाऊक होते? बहुतेकांना एवढेच ठाऊक होते की, मोटारीच्या विजेने माणूस मरत नाही. हाताला आलेला अनुभव खरा होता. त्यामागचे कारण मात्र अज्ञात राहिले होते. या अज्ञानाची किंमत त्या काळी मोजावी लागली नाही. पुढे मात्र परिस्थिती पालटली.

इंधन व वीज या दोहोंवर चालणारी गाडी ही कल्पना नवी नव्हे. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी १९०० साली अशी गाडी बनविली होती. परंतु पेट्रोल स्वस्त आणि बॅटऱ्या जड, त्यामुळे ती कल्पना मागे पडली. १९९७ च्या डिसेंबरात जपानात टोयोटाची प्रियस बाजारात आली आणि हायब्रिड हा शब्द रूढ झाला. भारतात ती २०१० साली आली. २०२२ साली होंडा सिटी, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्यांच्या हायब्रिड आवृत्त्या निघाल्या आणि ही विद्या मध्यमवर्गीयाच्या दारापर्यंत आली. खुद्द वडोदऱ्याजवळचे उदाहरण द्यावयाचे तर हालोलचे देता येईल. तेथील कारखान्यात १९९६ साली जनरल मोटर्सने ओपेल ॲस्ट्रा बनविण्यास आरंभ केला. २०१७ साली ते उत्पादन बंद पडले आणि कारखाना एम्. जी. मोटरकडे गेला. २०१९ साली तेथून निघालेल्या हेक्टर गाडीच्या एका पेट्रोल प्रकारात ४८ व्होल्टची सौम्य हायब्रिड योजना होती.

हायब्रिड म्हटले की स्पार्क प्लग गेला, असा पुष्कळांचा समज होतो. तो खरा नव्हे. पेट्रोल इंजिन आहे तेथे प्लग आहेच. तो आता इरिडियम या अतिशय कठीण धातूच्या बारीक टोकाचा असतो आणि साधारण लाखभर किलोमीटर चालतो. म्हणजे जे काम पूर्वी वर्षातून दोनदा करावे लागे, ते आता आठ-दहा वर्षांतून एकदा येते. काम क्वचित येते म्हणून हात विसरतो. हात विसरला म्हणून लहानशा कामासाठीही गृहस्थ परावलंबी होतो.

हे काम आजही घरी होऊ शकते, आणि होतेही. इंजिन पूर्ण थंड असावे, कारण गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे मरतात. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉइल असते. तिचा जोड खटका दाबून सोडवावा, वायर ओढू नये. खळग्यातील धूळ आधी उडवून द्यावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढावा. जुन्या प्लगचे टोक बदामी रंगाचे असेल तर इंजिन निरोगी समजावे. काळी काजळी, तेलकटपणा किंवा पांढरटपणा हे दोष सांगतात. इरिडियमचे टोक पॉलिश कागदाने घासावयाचे नसते आणि पाती घालून त्याची फट वाकवावयाची नसते. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा आणि मग पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा. इथपर्यंत सारे जुन्या विद्येचेच सुधारलेले रूप आहे.

पण हायब्रिड गाडीत प्लगजवळच दुसरी वीज नांदत असते. २०१० च्या प्रियसमधील मोठी बॅटरी सुमारे २०० व्होल्टची आहे आणि तिचा दाब ६५० व्होल्टपर्यंत वाढविला जातो. प्लगच्या वीस हजारांपुढे हे आकडे किरकोळ दिसतात. मात्र प्लगची ठिणगी म्हणजे ओंजळभर पाणी उंचावरून पडावे तशी. बॅटरीची वीज म्हणजे भरलेल्या धरणाचा दरवाजा. ती सहज प्राण घेऊ शकते. म्हणून या विजेच्या तारांना नारिंगी रंगाचे वेष्टन देण्याची प्रथा आहे. नारिंगी तार दिसली की घरच्या कारागिराने हात मागे घ्यावा. तिच्याशी संबंध येणारे काम त्याचे शिक्षण घेतलेल्यांकडे सोपवावे. शिवाय हायब्रिडचे इंजिन शांत असले म्हणजे गाडी बंद आहे असे नव्हे. ते आपोआप सुरू होऊ शकते. यासाठी गाडी पूर्ण बंद करावी, किल्ली दूर ठेवावी आणि बारा व्होल्टच्या लहान बॅटरीची ऋण तार सोडवावी. तेवढ्याने मोठी बॅटरी निर्जीव होत नाही, हेही ध्यानात असावे. हालोलच्या हेक्टरसारख्या ४८ व्होल्टच्या गाडीत धोका पुष्कळ कमी असतो. पण तो कमी का, हे ठाऊक असल्यावाचून दोन गाड्यांतील फरक ओळखणार कसा?

जुन्या अनुभवाची परीक्षा होते ती येथे. 'मोटारीच्या विजेने माणूस मरत नाही' हे ज्ञान घेऊन जो हायब्रिडच्या झाकणाखाली हात घालील, त्याला त्याचा अनुभवच दगा देईल. याच्या उलट, झटका का बसतो आणि कधी घातक ठरतो हे ज्याला कळले आहे, तो नवे यंत्र पाहूनही गोंधळणार नाही. कोठे हात घालावा हे त्याला कळेल, आणि कोठे घालू नये हेही कळेल. नुसता हात शिकला तर एका यंत्रापुरता शिकतो. कारण समजले तर ते पुढच्या यंत्रालाही पुरते.

कलाभवन १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले आणि आज ते त्या विद्यापीठाची तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून चालू आहे. त्याच्या आरंभीचा आग्रह मात्र अजून पुरा व्हावयाचा आहे. गाडीसोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. नारिंगी तारेचा अर्थ मांजलपूरच्या गॅरेजमधील पोऱ्याला गुजरातीत आणि नाशिकच्या गॅरेजमधील पोऱ्याला मराठीत सांगणारे पुस्तक त्याच्या हाती असले, तर एखादा जीव वाचेल. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला आणि एका रसायनशास्त्रज्ञाला ही गोष्ट उमगली होती. त्यांच्या काळी हायब्रिड मोटार नव्हती. पण यंत्रापुढे उभा राहिलेला कारागीर होता, आणि त्याने नुसते हात न चालविता त्यामागचे कारणही जाणावे अशी त्यांची इच्छा होती.