तळटीप : हार-माप आणि यदृच्छ चाल

कॉम्पॅक्ट गटावर असे एक संभाव्यता-माप असते की कोणताही संच गटातल्या कोणत्याही घटकाने डावीकडून गुणला तरी त्याचे माप बदलत नाही. त्याला हार-माप म्हणतात. आल्फ्रेड हार यांची १९३३ ची सिद्धता आवरणे मोजत जाते. संभाव्यतेची वाट त्याहून सुटसुटीत आहे. गट मेट्रिक धरावा आणि प्रत्येक अरिक्त विवृत संचाला धन वजन देणारे μ हे संभाव्यता-माप घ्यावे. μ नुसार स्वतंत्रपणे निवडलेले घटक एकापुढे एक गुणत गेले, म्हणजे पत्ते पुन्हा पुन्हा पिसावेत तशी चाल मिळते. पहिल्या n पायऱ्यांच्या वितरणांची सरासरी काढली की कॉम्पॅक्टपणामुळे त्या सरासऱ्यांच्या एखाद्या उपक्रमाला λ ही सीमा मिळतेच, आणि μ∗λ = λ होते (∗ म्हणजे संवलन : μ नुसार आणखी एक पायरी टाकली तरी λ बदलत नाही).

खरी गंमत पुढे आहे. f संतत असेल, तर h(x) = ∫ f(xy) dλ(y) हे फल आपल्याच सरासरीइतके असते : h(x) = ∫ h(xz) dμ(z). h जिथे महत्तम आहे तिथे सरासरीही महत्तम हवी. μ प्रत्येक अरिक्त विवृत संचाला धन वजन देते, म्हणून h सर्वत्र तेवढेच, अर्थात अचल. λ हेच हार-माप.

पुढे दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दीर्घकाळ काम केलेले के. आर. पार्थसारथी यांनी आर. रंगा राव आणि एस. आर. एस. वरदन यांच्यासह १९६३ मध्ये स्थानिक कॉम्पॅक्ट आबेली गटांवरील वितरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे λ∗λ = λ पाळणारे कोणतेही संभाव्यता-माप λ म्हणजे एखाद्या कॉम्पॅक्ट उपगटाचे हार-मापच.