व्यासपीठावरून कागदावर : कुरुंदकरांच्या निबंधाचा मागोवा

नरहर कुरुंदकरांचा एखादा मोठा लेख मोठ्याने वाचून पाहावा. वाक्ये आखूड असतात. एकच मुद्दा दोनदा, तीनदा येतो, पण दर वेळी एक पाऊल पुढे सरकलेला असतो. मध्येच समोरच्याच्या मनातली शंका लेखक स्वतःच मांडतो आणि ती मिटवल्याशिवाय पुढे जात नाही. हे गद्य लिहिण्याआधी बोलले गेले आहे, हे कानाला लगेच कळते. मराठीतल्या वैचारिक निबंधाला हा बोलता घाट कुठून मिळाला, हे पाहायचे तर कुरुंदकरांच्या नांदेडला आणि त्याही मागे निजामाच्या हैदराबादला जावे लागते.

एरवी मराठी निबंधाची वंशावळ पुण्यापासून सांगतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, 1888 मध्ये आगरकरांचे ‘सुधारक’ निघाले, पुढे शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ आला. वादाला उभा राहणारा, वाचकाला हलवणारा निबंध या मंडळींनी घडवला. 1920 नंतर फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाने वाचकांची मने जिंकली आणि वैचारिक निबंध बराचसा वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात जाऊन बसला. कुरुंदकर लघुनिबंधाच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांचा धागा मागे आगरकरांशी जुळतो. मात्र आगरकरांच्या हाती छापखाना होता. मराठवाड्यातल्या माणसाला तो इतक्या सहज मिळणारा नव्हता.

तिथली परिस्थिती नीट लक्षात घेतली पाहिजे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि राज्यकारभार उर्दूत चाले. 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. पुढे ‘गश्ती निशान 53’ हा हुकूम निघाला आणि जाहीर सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. 1938 मध्ये तर हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. अशा वेळी मराठीतून विचार करण्याची आणि तो चारचौघांत मांडण्याची सोय टिकली ती शाळांत, ग्रंथालयांत, गणेशोत्सवांत आणि साहित्यसभांत. हैदराबादची विवेकवर्धिनी शाळा 1907 ची, परतूरला भरलेले, संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 चे. साहित्याचे व्याख्यान हे तिथे नुसते साहित्याचे व्याख्यान कधीच नव्हते. ज्ञानेश्वरांवर बोलणारा माणूस आपल्या भाषेचा हक्कही सांगत असे, आणि ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असे.

या हवेत कुरुंदकर वाढले. जन्म 15 जुलै 1932 चा. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे, डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. नांदापूरकर कवी होते, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा त्यांनी तुलनात्मक अभ्यास केला होता. जुने काव्य, संस्कृत शास्त्रे आणि निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचे राजकारण एकाच घरात ऐकायला मिळाले, आणि कोवळ्या वयातच कुरुंदकर त्या लढ्यात ओढले गेले. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आले. सभाबंदी उठलेल्या प्रदेशात बोलण्याची केवढी भूक साठली असेल! इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा अपयश आलेला हा तरुण नांदेडला शाळामास्तर झाला. पुढे पदव्या मिळवून तो त्याच गावच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाला. हे कॉलेजही मुक्तिलढ्याच्या नेत्यांनीच, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने, 1950 मध्ये उभे केलेले.

त्यांच्या विषयांचा पसारा पाहून लोक थक्क होतात: भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, गांधीहत्या, मुस्लिम राजकारण, मर्ढेकरांचा सौंदर्यविचार, मराठी कादंबरी, संगीत. माझ्या मते या पसाऱ्याचेही मूळ व्यासपीठातच आहे. राष्ट्र सेवादलाचे शिबिर, तालुक्याच्या गावची व्याख्यानमाला, शिक्षकांचे संमेलन, जिथून बोलावणे येई तिथला प्रश्न त्यांना घ्यावा लागे. विद्यापीठातल्या तज्ज्ञाप्रमाणे एक कोपरा धरून बसणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि त्यांच्या स्वभावालाही ते मानवले नसते. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ वाचताना समोर मतभेद असलेले श्रोते बसले आहेत याचे भान क्षणभरही सुटत नाही.

त्यांची खरी ताकद त्यांच्या मांडणीत आहे. संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष सांगायचा आणि मग त्याचे खंडन करायचे अशी शिस्त असते. कुरुंदकरांनी ती आधुनिक राजकारणाला लावली. प्रतिपक्षाची बाजू ते इतकी भक्कम उभी करतात की त्या पक्षाच्या माणसालाही ती आपली वाटावी, आणि मगच तिचा एकेक आधार तपासायला घेतात. मनुस्मृतीवरच्या व्याख्यानांत हेच दिसते. ते स्वतः तिचे कडवे विरोधक. पण समर्थकांचे युक्तिवाद ते एकेक करून पुरते मांडतात, टाळत एकही नाहीत. अशा प्रामाणिकपणाला फार मोठे धैर्य लागते, कारण अर्ध्यावर उठून गेलेला श्रोता नेमका उलटा अर्थ घेऊन घरी जाण्याची भीती असते.

समीक्षेतही हीच रीत आहे. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा सगळा प्रवास ते सलग कथन करावे तसा सांगतात. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलेला मजकूर तर मुळात पत्र आहे. कादंबरीकाराला शिवचरित्रातले पेच समजावून सांगता सांगता शिवाजी महाराजांवरचा एक स्वतंत्र निबंधच तयार झाला. पुस्तक उघडणाऱ्या कितीतरी वाचकांना इतिहासाकडे कसे पाहावे याचा पहिला धडा त्या पानांनी दिला आहे.

या घाटाची किंमतही मोजावी लागली. संदर्भ पुष्कळदा स्मरणातून आलेले, तळटीपा विरळ, पुनरुक्ती भरपूर. अभ्यासकांना हे खटकते आणि त्यांची तक्रार रास्त आहे. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच हृदयविकाराने कुरुंदकर गेले, तेव्हा ते अवघे 49 वर्षांचे होते. लेख पुन्हा तपासायला, टीपा जोडायला त्यांना सवडच मिळाली नाही. त्यांची बरीच पुस्तके नंतर मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी भाषणे, टिपणे, विखुरलेले लेख गोळा करून काढली. ते काम निष्ठेचे आहे. पुढच्या आवृत्त्यांत मात्र शक्य असेल तिथे प्रत्येक भाषणाखाली गाव, तारीख, निमित्त आणि श्रोते कोण होते हे नोंदवले जावे. मुसलमान तरुणांसमोर केलेला युक्तिवाद आणि संघाच्या सहानुभूतीदारांसमोर केलेला युक्तिवाद यांत कुरुंदकर भर कुठे देतात, हे त्या नोंदींशिवाय वाचकाला कळणार नाही.